चुंबकाने हलणाऱ्या रबरात तंतू कशासाठी घालायचे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने मऊ सिलिकॉन रबरात लोखंडाची बारीक भुकटी मिसळून दोन सेंटिमीटर लांब आणि एक मिलिमीटर जाड पट्टी ओतली. चुंबक जवळ आणला की ती छान वाकायची, पण हातात लिबलिबीत लागायची. म्हणून पुढच्या खेपेला त्याने साच्याच्या तळाशी काचतंतूचं कापड अंथरलं आणि वरून मिश्रण ओतलं. आता चुंबक जवळजवळ टेकवला तरी पट्टी जेमतेम हलते. तंतूंनी मजबुती यायची, मग हालचाल का गेली, असं त्याने विचारलं आहे. शिवाय त्याला पट्टी नुसती वाकायला नको आहे, वाकता वाकता तिने पीळही घ्यायला हवा. त्यासाठी बाजूने दुसरा चुंबक लावावा का, हा त्याचा दुसरा प्रश्न.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर नीट समजलं की पहिल्याचं आपोआप सापडतं.

बाजूच्या चुंबकाने पीळ येणार नाही. पट्टीतलं चुंबकत्व तिच्या लांबीच्या दिशेने आहे असं धरा. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र त्या चुंबकत्वाला स्वतःच्या दिशेत वळवू पाहतं, आणि त्यातून जो टॉर्क (वळवणारा किंवा पिळणारा जोर) निर्माण होतो तो नेहमी चुंबकत्वाच्या दिशेला काटकोनात असतो. होकायंत्राची सुई क्षेत्राच्या दिशेला वळते, पण स्वतःच्या लांबीभोवती लाटण्यासारखी गरगर फिरत नाही, त्याचं कारण हेच. म्हणजे सरळ पट्टीला तिच्याच लांबीभोवती पिळणारा टॉर्क शून्य. चुंबक कितीही मोठा घ्या, शून्य तो शून्यच. पीळ आणायचा तर पट्टीच्या अंगातच अशी रचना हवी की वाकताना तिला पीळ घेण्यावाचून गत्यंतर नाही. ती रचना तंतू देतात. या पदार्थांत तंतूंचं काम दिशा ठरवणं हे आहे. मजबुती ही त्यांच्याकडून मिळणारी दुय्यम गोष्ट.

आपल्या डोक्यात तंतू म्हटलं की एफआरपीच्या, म्हणजे तंतू घातलेल्या प्लास्टिकच्या, टाक्या, हेल्मेट, बोटी येतात. तिथे रेझिन ठिसूळ आणि भार मोठा, म्हणून काचतंतू. इथे भार किती असतो ते एकदा आकड्यांत बघा. निओडिमियमची (कायम चुंबक राहणाऱ्या मिश्रधातूची) भुकटी आकारमानाने २० टक्के घातलेल्या रबरात, पूर्ण चुंबकित केल्यावर, साधारण एक लाख अँपिअर प्रति मीटर इतकं चुंबकत्व मिळतं. त्यावर ५० मिलिटेस्लाचं क्षेत्र लावलं तर दोन्हींचा गुणाकार येतो पाच हजार पास्कल, म्हणजे ५ किलोपास्कल. अर्धा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाखाली जेवढा दाब असतो तेवढा. चुंबकाकडून मिळणारी सगळी ताकद एवढीच. मिश्रणाचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, ३०० किलोपास्कल धरला तर या ताकदीने रबर सरळ ओढायला गेल्यास दोन टक्केसुद्धा ताणलं जाणार नाही.

मग पट्टी एवढी वाकते कशी? बारीक आणि लांब असल्यामुळे. एका टोकाला धरलेल्या पट्टीचं मोकळं टोक किती वळेल याचा अंदाज काढायचा तर वरचं गुणोत्तर (५ भागिले ३००) घ्यायचं, त्याला लांबी भागिले जाडी याच्या वर्गाने गुणायचं आणि पुन्हा सहाने गुणायचं. तुमच्या मापात लांबी जाडीच्या वीसपट आहे, वर्ग ४००. उत्तर येतं ४० रेडियन, म्हणजे सहाहून जास्त पूर्ण फेरे. इतकं प्रत्यक्षात वळणं शक्य नसतं. याचा अर्थ इतकाच की पट्टी पूर्णपणे क्षेत्राच्या दिशेला जाऊन उभी राहील आणि तरी चुंबकाकडे जोर शिल्लक असेल. ओढण्यात दोन टक्के आणि वाकण्यात वाट्टेल तेवढं, असा हा हिशेब आहे. म्हणून या पदार्थांत रचना करणाऱ्याचं पहिलं काम म्हणजे वाकण्याची वाट मोकळी ठेवणं. तुमच्या कापडाने नेमकी तीच वाट अडवली.

कशी अडवली ते पाहू. नुसती रबराची पट्टी वाकते तेव्हा एक बाजू ताणली जाते, दुसरी आकसते आणि बरोबर मधोमध एक पातळी अशी असते की तिथे ताणही नाही आणि दाबही नाही. तिला आपण उदासीन पातळी म्हणतो. तुम्ही तळाला न ताणला जाणारा थर दिलात, तेव्हा ही पातळी मधून उठून तळाला गेली. आता वाकायचं तर सगळं रबर एकाच बाजूला ताणलं किंवा आकसलं जायला हवं. गणित केलं तर रबराचा वाकण्याला होणारा विरोध बरोबर चौपट होतो. हे झालं नुसत्या जागेमुळे, कापडाचा स्वतःचा ताठपणा वेगळाच. तेच कापड जाडीच्या मधोमध असतं तर रबराचा विरोध होता तेवढाच राहिला असता, कारण मधल्या पातळीवर तंतूला ताणायला काही नसतंच.

कापडाच्या ताठपणाचंही एक साधं गणित आहे. गोल तंतूचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. एका जाड तंतूऐवजी तेवढ्याच एकूण वजनाचे शंभर बारीक तंतू घेतले आणि ते एकमेकांना न चिकटता वाकले, तर एकूण विरोध शंभराव्या हिश्शावर येतो. ओढण्यातली ताकद मात्र तेवढीच राहते. काचतंतूच्या कापडातला एकेक तंतू बारीकच असतो, पण शेकडो तंतूंचा जुडगा होऊन त्याची दोरी बनते आणि सिलिकॉन आत मुरून घट्ट झालं की ती दोरी काडीसारखी वागते. आमच्याकडे यासाठी मशीन एम्ब्रॉयडरीचा पॉलिएस्टर धागा आणून त्याचा पीळ उलगडायचा आणि तंतू फणीने पसरून एका थरात लावायचे, ही सगळ्यात स्वस्त आणि चांगली चालणारी युक्ती आहे.

आता दिशेबद्दल. ज्यांच्या घरात शिवणकाम होतं त्यांना हे आधीपासून माहीत आहे. कापड ताण्याच्या दिशेने ओढलं तर ताणलं जात नाही, बाण्याच्या दिशेनेही फारसं नाही, पण उरेब, म्हणजे तिरपं, ओढलं की लगेच लांबतं आणि रुंदीला आखडतं. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टीच लावतात, कारण सरळ कापलेली पट्टी त्या गोलाईवर बसत नाही. धागा तोच, कापड तेच, फक्त कापण्याचा कोन बदलला. तंतू घातलेल्या मऊ रबरात हाच गुण कितीतरी तीव्र होतो, कारण कार्बन तंतूचा गुणांक २३० गिगापास्कल आणि रबराचा काहीशे किलोपास्कल, म्हणजे फरक जवळपास दहा लाखपट. एपॉक्सीत, म्हणजे कडक होणाऱ्या रेझिनमध्ये, घातलेल्या तंतूंना ही संधी मिळत नाही. तिथे हा फरक शंभरपटीच्या आसपास असतो.

निसर्गाने ही विद्या फार पूर्वी साधली आहे. कांचनाची शेंग उन्हात वाळून तडकन फुटते आणि तिची दोन दलं स्क्रूसारखी पिळलेली झाडाखाली पडतात. प्रत्येक दलात तंतूंचे दोन थर असतात, एकमेकांना काटकोनात आणि शेंगेच्या लांबीला साधारण ४५ अंशांत. वाळताना प्रत्येक थर आपल्या तंतूंना आडव्या दिशेने आकसतो, दोघांचं एकमेकांशी जमत नाही आणि सपाट दल पिळलं जातं. २०११ साली इस्रायलमधल्या संशोधकांनी ताणलेल्या लॅटेक्सचे दोन थर एकमेकांवर चिकटवून ही करामत तशीच्या तशी करून दाखवली. मी या क्षेत्रात नवी होते तेव्हा मीही उत्साहाने शेंगेची नक्कल केली. एका पृष्ठभागावर अधिक ४५ अंश, दुसऱ्यावर उणे ४५ अंश, मध्ये चुंबकीय रबर. क्षेत्र लावलं, पट्टी छान वाकली, पीळ मात्र शून्य. तीन वेळा ओतली, तीनही वेळा तेच. साच्यात दोष आहे की मिश्रणात, हे शोधण्यात आठवडा गेला आणि शेवटी लक्षात आलं की दोष माझ्या विचारात होता.

शेंगेत बल थरांच्या आतून येतं, आकसण्यातून. आपल्या पट्टीत बल बाहेरून येतं, वाकवणाऱ्या टॉर्कमधून. वाकताना वरचा थर ताणला जातो आणि खालचा आकसतो. वर अधिक ४५ आणि खाली उणे ४५ असेल तर पीळ देण्याच्या दोघांच्या प्रवृत्ती एकमेकींना पुसून टाकतात. अशी पट्टी लांबीने ओढली तर जरूर पिळेल, वाकवली तर नाही. वाकताना पीळ हवा असेल तर दोन्ही पृष्ठभागांवर तंतू एकाच कोनात, एकमेकांना समांतर हवेत. लॅमिनेटचा, म्हणजे थरांनी बनलेल्या पदार्थांचा, सिद्धांत शिकलेल्यांना हे मॅट्रिक्समधल्या दोन पदांवरून लगेच कळेल. मला ते आधी हाताने कळलं आणि मग कागदावर.

आणखी एक सापळा. विणलेलं कापड उरेब कापून घातलं की पीळ मिळेल असं वाटतं, पण मिळत नाही. कापडात ताणा आणि बाणा दोन्ही असतात, ४५ अंशांत कापलं की एक उजवीकडे पीळ देऊ पाहतो आणि दुसरा तेवढाच डावीकडे. पट्टी मऊ होते, लांबते, पण पिळत नाही. पिळासाठी एकाच दिशेचे तंतू हवेत. म्हणून कापड सोडा आणि चौकटीवर धागा गुंडाळा.

कोन किती? बहुतेक जण ४५ घेतात, कारण तो हाताशी येतो. रबर न दबणारं आणि तंतू न ताणले जाणारे असं धरून गणित केलं, तर ४५ अंशांत पीळ आणि वाक यांचं गुणोत्तर फक्त ०.४ येतं. ३० अंशांत तेच १.३ होतं, २० अंशांत जवळजवळ २.५. म्हणजे तंतू लांबीच्या जवळ नेले की पीळ वाढतो, पण पट्टीचा ताठपणाही वाढतो. ३० वरून २० वर येताना तो जवळपास दुप्पट होतो. आणि ५४.७ अंशांवर पीळ पार नाहीसा होतो, त्यापुढे उलट्या दिशेने येऊ लागतो. हा ५४.७ चा आकडा हवेने फुगणाऱ्या मॅककिबन कृत्रिम स्नायूंवर काम केलेल्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे. तिथे जाळीचा कोन तेवढा झाला की स्नायू आखडायचा थांबतो. तुम्ही २५ ते ३० च्या मधून सुरुवात करा. प्रत्यक्षात आकडे गणिताइतके सुबक येत नाहीत, अरुंद पट्टीत तर नाहीतच, कारण तिरपे तंतू दोन्ही कडांना तुटलेले असतात.

तुटलेल्या टोकांकडे दुर्लक्ष करू नका. रबर मऊ असल्यामुळे तंतूला पकडायला त्याला लांबी लागते. सात मायक्रॉनचा कार्बन तंतू आणि शंभरेक किलोपास्कल कर्तन गुणांकाचं (थर एकमेकांवर सरकवण्याला होणाऱ्या विरोधाचं माप) रबर घेतलं, तर टोकापासून तीन-चार मिलिमीटर आत गेल्याशिवाय तंतू पूर्ण भार घेत नाही. एपॉक्सीत हेच अंतर मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशात आटोपतं. याचा थेट परिणाम असा की सिलिकॉनमध्ये दोन-तीन मिलिमीटरचे कापलेले कार्बन तंतू मिसळून दिशा मिळवण्याचा प्रयत्न बहुतेक वाया जातो. मिश्रण घट्ट होतं, काळं होतं आणि काम थोडंच होतं. पट्टी अरुंद असेल तर तिरपा तंतूही लहानच पडतो. पाच मिलिमीटर रुंद पट्टीत ३० अंशांच्या तंतूची लांबी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एक सेंटिमीटर येते, म्हणजे त्याचा मधला तुकडाच खरा कामाला येतो. कमी गुणांकाचा पॉलिएस्टर इथे कार्बनपेक्षा बरा ठरतो. त्याला पकड बसायला कमी लांबी लागते आणि रबराच्या मानाने तोही न ताणला जाणाराच असतो.

दाबाच्या बाजूचे तंतू वेगळे वागतात. मऊ रबरातला बारीक तंतू दाब सहन करत नाही, तो नागमोडी होतो. काळ्या कार्बनच्या पट्टीला आतल्या बाजूने वाकवून भिंगाखाली धरा, तंतूंवर बारीक बारीक लाटा दिसतील, संथ पाण्यावर वाऱ्याची झुळूक जावी तशा. पट्टी सोडली की लाटा जातात. तंतू तुटलेले नसतात. अवकाशात घडी घालून पाठवायच्या रचनांसाठी सिलिकॉनमध्ये कार्बन तंतू घालून याच गुणाचा अभ्यास झाला आहे. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की तंतू एकाच पृष्ठभागावर असतील तर पट्टी एका बाजूला सहज वाकेल आणि दुसऱ्या बाजूला जड जाईल. तुमची काचेच्या कापडाची पट्टी उलटी करून चुंबक लावून बघा, फरक लगेच जाणवेल.

आता भुकटीबद्दल, कारण तुम्ही लोखंड वापरलं आहे आणि मी वर निओडिमियमचे आकडे दिले. दोघांचा स्वभाव निराळा आहे. तुम्ही घेतलेली भुकटी बहुधा कार्बोनिल आयर्न असेल, दोन ते दहा मायक्रॉनचे गोल कण. त्यांचं स्वतःचं चुंबकत्व राहत नाही, क्षेत्र लावलं की येतं आणि काढलं की जातं. शिवाय कण गोल असल्यामुळे लोखंड कितीही चांगलं असलं तरी एका गोल कणात बाहेरच्या क्षेत्राच्या तिपटीहून जास्त चुंबकत्व येऊ शकत नाही, तो आपल्याच विचुंबकनाने, म्हणजे स्वतःच्या चुंबकत्वामुळे आत तयार होणाऱ्या उलट्या क्षेत्राने, अडतो. ५० मिलिटेस्लाला २० टक्के लोखंडाच्या पट्टीत साधारण २४ हजार अँपिअर प्रति मीटर येतात, निओडिमियमच्या चौथा हिस्सा. क्षेत्र ५ मिलिटेस्ला केलं तर चाळिसावा. म्हणून लोखंडाची पट्टी चुंबक अगदी जवळ आल्यावर एकदम झडप घालते आणि लांबून मुळीच हलत नाही. चुंबकाचा ध्रुव उलटा केला तरी ती त्याच बाजूला वाकते. निओडिमियमची पट्टी ध्रुव बदलला की उलट वाकते, आणि नियंत्रण करायचं तर हा गुण फार मोलाचा आहे.

लोखंडच ठेवायचं असेल तर गोल कणांऐवजी लोखंडाचे किंवा निकेलचे बारीक तंतू घाला. लांबी जाडीच्या दहापट असलेल्या लंबगोल कणाचा विचुंबकन गुणांक ०.०२ असतो, गोल कणाचा एक तृतीयांश. लांबीच्या दिशेने तो गोलाच्या पंधरापटीहून जास्त चुंबकित होऊ शकतो, आडव्या दिशेने नाही, आणि म्हणून क्षेत्राच्या दिशेला वळायची ओढ त्याला खरोखर असते. इथे तंतू दिशाही देतो आणि बलही घेतो. तयार करायला अवघड, पण मला स्वतःला हीच वाट सगळ्यात सुंदर वाटते.

मात्र तुमच्या कामाला मी निओडिमियम सुचवेन. आकारमानाने २० टक्क्यांच्या आसपास थांबा. भुकटी वाढवली की चुंबकत्व सरळ प्रमाणात वाढतं, पण रबराचा ताठपणा त्याहून वेगाने वाढतो. रबरात भरणी घातली की ताठपणा किती वाढतो याचं जे सूत्र वापरतात, त्याने हिशेब केला तर वाकण्यासाठी सर्वांत फायद्याचं प्रमाण २०.७ टक्के येतं. वजनाने ते जवळपास दोन भाग भुकटी आणि एक भाग रबर होतं, त्यामुळे वजन करताना पहिल्यांदा हात कचरतो. पण प्रमाण बरोबरच आहे. ही बारीक भुकटी कोरडी असताना पेट घेऊ शकते, म्हणून ती वाटायची किंवा घासायची नाही, ठिणगीपासून दूर ठेवायची आणि मास्कशिवाय डबा उघडायचा नाही.

ओतताना सगळ्यात जास्त पट्ट्या कण तळाला बसल्यामुळे वाया जातात. पाच मायक्रॉनचा एकटा कण सिलिकॉनमध्ये तासाला साधारण ०.१ मिलिमीटर खाली जातो. चार तासांत सेट होणाऱ्या, एक मिलिमीटर जाडीच्या पट्टीत हे आधीच बरंच झालं. पण कणांचे गठ्ठे ५० मायक्रॉनचे असतील तर ते शंभरपट वेगाने जातात, तासाला एक सेंटिमीटर, म्हणजे साचा भरून हात धुऊन येईपर्यंत तळाला. पट्टी काढल्यावर खालची बाजू गडद, वरची फिकी दिसली तर हेच झालं आहे. अशी पट्टी चुंबकाशिवायच वाकडी होते आणि तंतूंमुळे आलेला पीळ कुठला आणि गाळामुळे आलेला वाक कुठला हे कळेनासं होतं. भुकटी आधी थोड्याशा सिलिकॉनमध्ये मलमासारखी घोटून घ्या, मग उरलेलं घाला, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा आणि साचा ६० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून लवकर सेट करा. भुकटी या टप्प्यावर चुंबकित केलेली नसावी. चुंबकित कण एकमेकांना धरून लगेच गठ्ठे करतात.

हातमोज्यांचं सांगायलाच हवं. प्लॅटिनमवर सेट होणाऱ्या सिलिकॉनला गंधकाचं वावडं आहे. एकदा आमच्या प्रयोगशाळेत ओळीने दहा-बारा पट्ट्या वरून सेट झालेल्या, पण तंतूंच्या भोवती चिकट राहिल्या. बोट लावलं की धाग्याजवळ मधासारखी तार निघायची. धागा धुतला, बदलला, सिलिकॉनचा नवा डबा उघडला. शेवटी धागा गुंडाळणाऱ्या मुलीच्या हातात लॅटेक्सचे मोजे होते हे लक्षात आलं. त्यातला गंधक धाग्यावर उतरत होता. व्हिनाइलचे मोजे आणले आणि प्रश्न संपला. गंधक असलेली चिकणमाती, रबराचे बूच, नुकतंच छापलेलं थ्रीडी प्रिंटिंगचं रेझिन, टिनवर सेट होणारं सिलिकॉन, यांपैकी काहीही साच्याजवळ येऊ देऊ नका.

धाग्यावर बहुधा तेलाचा किंवा मेणाचा हात असतो. कार्बन आणि काचेच्या तंतूंवर तर एपॉक्सीला धरेल असं लेपन असतं, सिलिकॉन त्याला धरत नाही. पट्टी शंभर-दोनशे वेळा वाकवल्यावर तंतूंच्या कडेने पांढुरकी रेघ दिसली तर तंतू सुटले आहेत असं समजा. सायलेनचा प्रायमर (तंतूवर सिलिकॉनची पकड वाढवणारा लेप) उपयोगी पडतो. तो नसेल तर निदान आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून घ्या. गुंडाळताना ताण सगळीकडे सारखा ठेवा. ढिला धागा आधी सरळ होण्यात हालचाल खातो. फार ताणलेला धागा साच्यातून सुटताच आकसून पट्टी वाकडी करतो. एका टोकाला पन्नास ग्रॅमचं वजन लटकवून गुंडाळणं हा साधा उपाय आहे.

पट्टी सेट झाल्यावर तिला लांबीच्या दिशेने चुंबकित करावं लागेल आणि त्याला दोन टेस्लाच्या वरचं क्षेत्र लागतं. घरच्या चुंबकाने हे होत नाही. चुंबक बनवणाऱ्या कारखान्यांत कपॅसिटर डिस्चार्जचा मॅग्नेटायझर असतो, तिथे विनंती करा. पट्टी त्यात टाकण्याआधी पट्टीवर बाण काढून ठेवा. चुंबकित करताना ती दांडीभोवती गुंडाळून ठेवली तर उलगडल्यावर तिच्या लांबीवर चुंबकत्वाची दिशा बदलत जाते. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ साली ३.७ मिलिमीटर लांबीची अशीच पट्टी चालवून, लोळवून, उडी मारायला लावून दाखवली. त्यात तंतू नव्हते. सगळी दिशा चुंबकत्वाच्या नक्षीत होती. तुम्ही तीच दिशा तंतूंत ठेवता आहात, आणि त्याचा फायदा म्हणजे चुंबकत्व एकसारखं राहिलं तरी चालतं.

क्षेत्र मोजल्याशिवाय काही मांडू नका. चार सेंटिमीटर व्यासाचा आणि दोन सेंटिमीटर जाडीचा निओडिमियम चुंबक अक्षावर तीन सेंटिमीटर अंतरावर साधारण ६० मिलिटेस्ला देतो, पाच सेंटिमीटरवर २०, दहा सेंटिमीटरवर जेमतेम ४. अंतर अर्ध्या सेंटिमीटरने चुकलं तर तुमचा सगळा आलेख चुकला. कॉइल केलीत तर क्षेत्र एकसारखं मिळतं, पण कमी. दहा सेंटिमीटर त्रिज्येची हेल्महोल्ट्झ जोडी (समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या कॉइल), प्रत्येकी दोनशे वेढे, पाच अँपिअर प्रवाह, एवढं करून ९ मिलिटेस्ला पदरात पडतात आणि तारा तापतात. हॉल प्रोबचा गॉसमीटर उसना मिळाला तरी घ्या. टेबल लोखंडी नको, खालचे खिळेसुद्धा बघा. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली होती. आपल्याला पृथ्वीचं ४० मायक्रोटेस्लाचं क्षेत्र मोजायचं नाही, तरी एवढी जागरूकता आपणही ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

याचा खरा उपयोग कुठे, असं पुढे कोणी विचारेल म्हणून थोडं. लोखंडाची भुकटी घातलेलं रबर गाडीच्या सस्पेन्शनच्या बुशमध्ये वापरून त्याचा ताठपणा चालत्या गाडीत बदलायचा प्रयत्न फोर्डमधल्या संशोधकांनी १९९० च्या दशकातच केला होता. तिथे क्षेत्राने ताठपणा साधारण तीस-चाळीस टक्के वाढतो, आणि त्यासाठी कॉइल आणि लोखंडाचा गाभा वाहायचा, हे गणित माझ्या मते अजूनही सहज जुळत नाही. मला जास्त आशा वाटते ती रक्तवाहिन्यांत घालायच्या तारांकडून. एमआयटीतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मिलिमीटरपेक्षा बारीक, चुंबकाने टोक वळणारी तार दाखवली. तिच्या मधोमध निटिनॉल या लवचीक मिश्रधातूची बारीक तार आणि भोवती निओडिमियमचं मऊ मिश्रण. मधली तार म्हणजे उदासीन पातळीवरचा एकच तंतू. ढकलल्यावर तार चुरगळत नाही आणि तरी टोक वाकायला मोकळं राहतं. तुमच्या पट्टीत मी जे सुचवते आहे त्याचं हे अगदी शुद्ध रूप. मात्र शरीरात जाणाऱ्या कोणत्याही गोष्टीत निओडिमियमचे कण उघडे राहता कामा नयेत, ते गंजतात. सिलिकाचा लेप देणं हा त्यावरचा नेहमीचा उपाय.

तुमच्यासाठी पुढचं काम असं. एकाच मिश्रणातून, एकाच दिवशी, चार पट्ट्या ओता: एक बिनतंतूची, एक मधोमध लांबीच्या दिशेने तंतू असलेली, एक दोन्ही पृष्ठभागांवर अधिक ३० अंशांची, आणि एक वर अधिक ३० व खाली उणे ३० ची. चौकटीवरून मोठी चादर ओतून त्यातून पट्ट्या कापल्या तर जाडी सारखी मिळते. पट्टीच्या मोकळ्या टोकाला एक सेंटिमीटरची हलकी काडी आडवी चिकटवा, पीळ त्या काडीच्या कोनावरून समोरून फोटो काढून मोजता येतो, नुसत्या डोळ्याने फसायला होतं. आणि कापण्याआधी चादरीच्या कडेला एक रंगीत धागा तंतूंच्या दिशेने टाकून ठेवा. मिश्रण काळं असतं, एकदा कापल्यावर कोणत्या पट्टीत तंतू कुठल्या बाजूला झुकले आहेत ते बाहेरून ओळखता येत नाही.